चार टक्क्यांचे वचन आणि महागाईचा इलाज

२०२२ च्या पावसाळ्यातील गोष्ट. मालेगावचे एक बुजुर्ग यंत्रमाग कारखानदार आमच्या परिचयाचे आहेत. सारा मोहल्ला त्यांना हाजीसाहेब म्हणतो. बँकेचे कर्ज त्यांनी नाइलाजाने घेतलेले. त्याविषयी बोलताना आजही त्यांचा आवाज खाली येतो. त्या वर्षी मे महिन्यात रुईच्या एका खंडीचा, म्हणजे ३५६ किलोचा, भाव एक लाख रुपयांच्या वर गेला होता. त्यामागोमाग सूत चढले. कापडाला मात्र त्या प्रमाणात भाव मिळेना. अशातच बँकेची चिठ्ठी आली की, तुमच्या कर्जाचा व्याजदर वाढला आहे. हाजीसाहेबांनी आम्हाला विचारले, "सूत महागले यात माझा कसूर काय? आणि महागाईचा इलाज म्हणून माझ्याच कर्जाचा दर वाढवायचा, हा कुठला इलाज?"

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नव्हते. मागणी, पुरवठा, अपेक्षा असे शब्द वापरून वेळ मारून नेली इतकेच. हे जे पुढे लिहीत आहोत, ते हाजीसाहेबांना द्यायचे राहिलेले उत्तर समजावे.

त्या चिठ्ठीमागे एक कायदा आहे. २०१३ साली रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी डेप्युटी गव्हर्नर ऊर्जित पटेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोपर्यंत रिझर्व्ह बँक वाढ, रोजगार, रुपयाचा विनिमय दर, पतपुरवठा अशा अनेक गोष्टींवर एकाच वेळी नजर ठेवत असे आणि महागाई मोजताना तिचा भर घाऊक किमतींच्या निर्देशांकावर असे. जानेवारी २०१४ मधील अहवालात समितीने म्हटले की, घाऊक सोडा, ग्राहक प्रत्यक्ष देतो तो किरकोळ भाव धरा आणि चार टक्के हे लक्ष्य ठरवून घ्या. दोन टक्के वर, दोन टक्के खाली एवढी मोकळीक. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात तसा करार झाला आणि २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून ते कायम करण्यात आले. सहा जणांची पतधोरण समिती आली, तिच्यात तीन बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले. मते समसमान पडली तर गव्हर्नरचे मत निर्णायक. सलग तीन तिमाह्या महागाई सहाच्या वर किंवा दोनच्या खाली राहिली तर रिझर्व्ह बँक अपयशी ठरली असे समजून तिने सरकारला कारणांसह अहवाल द्यायचा. २०२१ मध्ये हेच लक्ष्य आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवण्यात आले.

ही पद्धत आपल्याकडे जन्मलेली नव्हे. न्यूझीलंडने १९८९ साली कायदा करून ती प्रथम आणली. लक्ष्य शून्य ते दोन टक्के, आणि काम नीट झाले नाही तर गव्हर्नरला पदावरून काढण्याची तरतूद. पुढे ब्रिटन, कॅनडा, स्वीडन या देशांनी ती उचलली. १९९९ मध्ये ब्राझील, २००० मध्ये दक्षिण आफ्रिका, २००५ मध्ये इंडोनेशिया, २००६ मध्ये तुर्कस्तान असे विकसनशील देश मागोमाग आले. परंतु ब्रिटनसारख्या देशाच्या निर्देशांकात अन्नाचा वाटा शंभरात दहा-बाराच्या आसपास असतो. आपल्याकडे २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जो निर्देशांक २०२६ च्या आरंभापर्यंत चालला, त्यात अन्न व पेये यांचा वाटा ४५.८६ होता. म्हणजे ज्या तराजूवर रिझर्व्ह बँकेचे काम तोलले जात होते, त्याचे जवळजवळ अर्धे पारडे भाजी, डाळ, दूध, गहू, तांदूळ आणि तेल यांनी भरलेले होते. रिझर्व्ह बँकेच्या हाती काय? रेपो दर. म्हणजे बँका तिच्याकडून ज्या दराने पैसा उचलतात तो दर. त्याने घरबांधणी मंदावते, मोटारींची विक्री कमी होते, नवा माग घेण्याचा विचार पुढे ढकलला जातो. त्याने टोमॅटो पिकत नाही.

जुलै २०२३ मध्ये हे उघड दिसले. पावसाने टोमॅटोचे पीक बिघडले, अनेक शहरांत किलोला दोनशे रुपयांच्या पुढे भाव गेला आणि त्या एका महिन्याच्या भाजीबाजाराने देशाचा महागाई दर ७.४४ टक्क्यांवर नेला. पुढचे पीक आले, भाव कोसळले. या चढउतारात रेपो दराचा हात कुठेच नव्हता.

तरीही दर मात्र चढलेलाच राहिला. मे २०२२ मध्ये चार टक्के असलेला रेपो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला आणि पुढची दोन वर्षे तिथेच थांबला. अन्न आणि इंधन वगळून जी महागाई मोजतात, ती २०२४ च्या बहुतांश काळात चार टक्क्यांच्या खाली होती. म्हणजे कापड, भांडी, औषधे, घरभाडे यांच्या किमती आटोक्यात होत्या. दर उंच होता तो मुख्यतः अन्नामुळे. आता हा दर कोणापर्यंत किती लवकर पोहोचतो ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी सूक्ष्म व लघु उद्योगांना दिलेली बदलत्या दराची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाशी जोडली गेली. हेतू चांगला होता. दर उतरला की लाभ लगेच मिळावा. पण चढताना तो तितक्याच तत्परतेने चढतो. दहा लाखांच्या कर्जावर अडीच टक्के म्हणजे वर्षाला पंचवीस हजार रुपये. मोठी कंपनी रोखे काढते, परदेशातून पैसा आणते. बारा मागांचा कारखानदार काय आणणार?

आमचे पुष्कळ वाचक म्हणतील की, आम्ही बँकेचे कर्ज घेतच नाही, आमचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे. सूत उधारीवर मिळते. रोखीचा भाव एक आणि पंचेचाळीस दिवसांचा दुसरा. सुताचा व्यापारी स्वतः बँकेच्या पैशावर बसलेला असतो. त्याचा दर वाढला की रोख आणि उधार यांतला फरक वाढतो. कापडाचा खरेदीदार वटाव जास्त कापतो, पैसे उशिरा देतो. व्याज दारातून आले नाही तरी खिडकीतून येते आणि खिडकीतून आलेल्याची पावतीही मिळत नाही.

एवढे लिहिल्यावर वाचकाला वाटेल की आम्ही हे लक्ष्यच फेकून द्या असे म्हणणार. तसे नाही.

जो माणूस व्याज घेत नाही, त्याचा विचार करा. आमच्या समाजात असे लोक हजारोंनी आहेत. हजसाठी, मुलीच्या लग्नासाठी, घरासाठी ते पै पै साठवतात आणि चालू खात्यात किंवा घरात ठेवतात. बचत खात्यात व्याज आलेच तर सवाबची नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकतात. इतरांच्या ठेवीला व्याजाचे थोडेफार कवच असते. यांच्या पैशाला काहीच नाही. ७२ ला महागाईच्या दराने भागले की किंमत किती वर्षांत दुप्पट होते ते ढोबळमानाने कळते, हा व्यापाऱ्यांचा जुना हिशेब आहे. आठ टक्क्यांनी नऊ वर्षे, सहाने बारा, चारने अठरा. म्हणजे रिझर्व्ह बँकेने आपले वचन अगदी तंतोतंत पाळले तरी आज जन्मलेली मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या लाखाची खरेदी पन्नास हजारांची उरेल. रुपयांत बांधलेल्या महरचे तेच. तीस-चाळीस वर्षांपूर्वी जी रक्कम निकाहनाम्यात भारदस्त वाटली, ती आज द्यायची राहिली असेल तर किराण्याच्या एका फेरीत संपेल. माप आणि वजन पुरे द्या, ही कुरआनची आज्ञा आम्ही दुकानातल्या तराजूपुरती समजतो. रुपया हेही मापच आहे. ते दरवर्षी आखूड होत जाणे हा त्याच्यावर विसंबलेल्यावर अन्याय आहे, आणि तो सर्वांत जास्त गरिबावर व व्याज न घेणाऱ्यावर होतो.

हे कुठवर जाऊ शकते ते तुर्कस्तानने दाखवले. नव्वदच्या दशकात तिथे महागाई सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात असे. कडक शिस्तीने ती २००४ नंतर दहा-बारा वर्षे बहुतेक काळ एका अंकात राहिली. मग अध्यक्ष एर्दोगान यांनी उलटे सूत्र धरले की, महागाईचे कारण व्याजदरच आहे. जुलै २०१९ ते मार्च २०२१ या काळात मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर घरी गेले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ मध्ये दर १९ वरून १४ वर आणला गेला आणि डिसेंबरमध्ये अध्यक्षांनी आपण मुसलमान म्हणून नस जे सांगते तेच करू असे जाहीर केले. आमच्याकडेही काही जणांना त्याचा आनंद झाला होता. परिणाम काय झाला? ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारच्याच आकड्यांनुसार महागाई ८५ टक्क्यांवर पोहोचली.

आणि व्याज गेले का? नाही. लिरा कोसळू लागताच डिसेंबर २०२१ मध्येच सरकारने एक योजना आणली. लिरामध्ये ठेव ठेवा, डॉलरच्या मानाने जे नुकसान होईल ते व्याजाच्या वर आम्ही भरून देऊ. भरून दिले सार्वजनिक पैशातून. म्हणजे ज्याच्याकडे मोठी ठेव होती त्याला हमी मिळाली आणि तिची किंमत भाकरी विकत घेणाऱ्याने चुकवली. मे २०२३ च्या निवडणुकीनंतर दर साडेआठवरून चढवत मार्च २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर न्यावा लागला. रिबाची मनाई आमच्या ईमानाचा भाग आहे. त्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण सारी व्यवस्था व्याजावरच उभी ठेवून फक्त दर खाली ओढणे म्हणजे रिबा संपवणे नव्हे. ते स्वस्त कर्ज ज्यांना मिळते त्यांचे भले करणे आहे, आणि ते मिळते बँकेच्या जवळच्यांना. शरीअतचे नाव अशा कामाला लावले गेले याचे आम्हाला वाईट वाटते.

आपल्याकडेही २०१६ पूर्वीची वर्षे आठवावीत. २००९ ते २०१३ या काळात किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या आसपास फिरत होती आणि नेमका जाब कोणाला विचारायचा हे कुणालाच ठाऊक नव्हते. लक्ष्य आल्यानंतर कोरोनापर्यंतची वर्षे चार टक्क्यांच्या आसपास गेली. याचे सारे श्रेय कायद्याला देणे बरोबर नाही. २०१४ च्या मध्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेले खनिज तेल जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली आले होते, हा नशिबाचा भाग. तरी एक आकडा जाहीर असणे आणि त्याचा जबाबदार माणूस ठाऊक असणे, याला मोल आहे.

मग चूक कुठे? आमच्या मते ती अशी की, वचन चार टक्क्यांचे दिले गेले, पण त्यातील अर्धा भाग ज्याच्या हातात आहे तो करारात असूनही नामानिराळा राहिला. अन्नाचे भाव रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सरकारच्या हातात आहेत. गोदामे, आयात-निर्यात, साठ्याच्या मर्यादा, बाजार समित्या, सिंचन यांतून ते ठरतात. आणि सरकार जेव्हा हात घालते तेव्हा कसा घालते, हे नाशिक जिल्ह्याला विचारावे.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. लासलगावसह नाशिकच्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. ती ४ मे २०२४ रोजी उठली तीही ४० टक्के शुल्क कायम ठेवून, आणि शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ रोजी. बांगलादेश, मलेशिया, आखातातील गिऱ्हाईक वीस महिने थांबून राहत नाही. शहरातील ग्राहकाचा कांदा स्वस्त झाला, निर्देशांक खाली आला, आकडा चांगला दिसला. किंमत मोजली उत्पादकाने आणि अडत्या-हमालाने. मदिनेत भाव चढले तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. कुणाच्या मालावर वा जिवावर जुलूम झाल्याचा दावा घेऊन अल्लाहसमोर जायचे नाही, ही त्यामागची भावना होती. साठेबाजीला त्यांनी सक्त मनाई केली ती वेगळी. निर्यातबंदी म्हणजे नाव न घेता ठरवून दिलेला भावच आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ऑक्टोबर २०२५ आहे. त्या महिन्याचा महागाई दर ०.२५ टक्के निघाला, त्या मालिकेतील सर्वांत कमी. वृत्तपत्रांत आनंदाचे मथळे आले. कांदा, बटाटा, डाळी वर्षापूर्वीपेक्षा खूप स्वस्त झाल्या होत्या. ज्याच्या चाळीत उन्हाळी कांदा सडत होता त्याच्या घरी तो आनंद पोहोचला नसावा. कायद्याची खालची मर्यादाही दोन टक्क्यांची आहे, हे या मथळ्यांत कुणाला फारसे आठवले नाही. आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की सणाचे कापड खपत नाही, हे मालेगाव-भिवंडीला सांगायला नको.

जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत एक सूचना आली होती की, लक्ष्य ठरवताना अन्न वगळूनच महागाई मोजावी. हाजीसाहेबांच्या तक्रारीला ते सोपे उत्तर झाले असते. आम्हाला ते पटत नाही. मजुराच्या घरखर्चात अन्नच मोठे असते. त्याच्या ताटातील वस्तू काढून टाकून महागाई कमी आहे असे त्याला सांगणे म्हणजे तराजूच्या पारड्याखाली बोट लावणे होय. शिवाय भाजी महाग राहिली की मजूर मजुरी वाढवून मागतो, आणि मग ती महागाई कापडात, रिक्षाच्या भाड्यात उतरतेच. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ या पायाभूत वर्षाचा नवा निर्देशांक आला आणि अन्नाचा वाटा बराच घटला, कारण घरखर्चाची नवी पाहणीच तसे सांगत होती. ते ठीक. वाटा बदलत्या खर्चाप्रमाणे बदलावा, सोयीप्रमाणे नव्हे.

यापेक्षा इंडोनेशियाने जे केले त्याकडे पाहावे असे आम्ही सुचवू. तिथेही मिरची आणि छोटा कांदा भाव हलवतात. तिथेही २००५ पासून लक्ष्य आहे. पण लक्ष्याबरोबरच त्यांनी मध्यवर्ती बँक आणि सरकारी खाती यांचे संयुक्त पथक केले आणि २००८ पासून अशी पथके प्रांतांत, जिल्ह्यांत आणि शहरांत नेली. मध्यवर्ती बँकेचा स्थानिक अधिकारी आणि प्रांताचा किंवा शहराचा प्रमुख एका टेबलाशी बसतात, कुठल्या जिल्ह्यात मिरची जास्त आहे, कुठे कमी, वाहतूक कुठे अडली याचा विचार करतात. चटकन चढउतार होणाऱ्या अन्नाचा आकडा ते वेगळा काढून जाहीर करतात, त्यामुळे महागाई पैशाची की पावसाची हे लोकांनाही दिसते. त्याने तिथे स्वर्ग अवतरला असे नाही. पण भाव चढला की प्रत्येक वेळी फक्त कर्जदाराचा कान धरायचा, एवढे तरी टळते.

आपल्याकडे जबाबदारीची एक संधी आली होती आणि ती वाया गेली. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ या तिन्ही तिमाह्यांत सरासरी महागाई सहाच्या वर राहिली, कायद्याप्रमाणे अपयश सिद्ध झाले. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी पतधोरण समितीची खास बैठक झाली आणि रिझर्व्ह बँकेने सरकारला अहवाल धाडला. त्यात काय होते? युक्रेनच्या युद्धाचा दोष किती, उशिरा जागे झालेल्या बँकेचा किती, गोदामांचा किती? कुणालाच कळले नाही, कारण तो अहवाल प्रसिद्ध करण्याची कायद्यात तरतूद नाही असे सरकारने संसदेत सांगितले. ज्याच्या कर्जाचा दर वाढवला त्याला कारण विचारण्याचाही हक्क नाही, असा याचा अर्थ होतो. अशा अहवालात अन्न व कृषी खात्यांचेही उत्तर असावे आणि तो अहवाल लोकांपुढे ठेवावा, एवढी दुरुस्ती तरी व्यापारी संघटनांनी आपल्या खासदारांकडे मागावी.

हाजीसाहेबांना हे सर्व आम्ही अलीकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि कपाटातून बँकेचे कागद काढून पुढे ठेवले. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला होता. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर बँकेने निदान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सहकारी बँकांना मात्र तो लागू नाही. त्यांच्या कागदांत दर वाढल्याच्या सर्व चिठ्ठ्या होत्या. कमी झाल्याची एकही सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाखेत जाऊन लेखी अर्ज देऊन आले आणि अर्जाच्या नकलेवर शिक्का मारून घ्यायला विसरले नाहीत.